लेकीच्या घरचा गारवा

गाडीचं मागचं दार उघडं होतं आणि त्यातून गारवा चालला होता. गारवा काही डोळ्यांना दिसत नाही, पण कुंदन घोडमारेला दिसत होता, कारण समोरच्या पडद्यावरचा आकडा घसरत होता. ब्याण्णव टक्के. नव्वद.

दारात शेजारच्या मंदाकाकू उभ्या होत्या. उभ्या कसल्या, अर्ध्या आत होत्या.

"येते मग काकू," आत बसलेली प्रणोती म्हणाली. तिला सातवा महिना होता, मांडीवर ओटीचं सामान होतं आणि केसांत गजरा होता.

"ये बाई. जपून."

"हो."

"पोचलीस की फोन कर."

"करते."

एवढ्यावर दार लागायला हरकत नव्हती. पण काकूंना त्यांच्या भाचीचं बाळंतपण आठवलं. ते अवघड होतं आणि काकूंना ते पहिल्या कळेपासून आठवत होतं. कुंदनची आई प्रणोतीच्या पलीकडे बसून मधूनमधून "हो का गं?" म्हणत त्याला इंधन पुरवत होती.

"कृपया दार लावून घ्यावे," गाडी म्हणाली. गाडीला एका सभ्य बाईचा आवाज होता. तिला कोणीही भीक घातली नाही.

"काकू, गारवा जातोय," कुंदन म्हणाला.

"जाऊ दे रे, कुठं जाणार आहे!" काकू म्हणाल्या आणि पुन्हा भाचीकडे वळल्या.

चंद्रपूर, वैशाख, सकाळचे दहा. बाहेर सत्तेचाळीस अंश होते आणि ही दिवसाची सौम्य बाजू होती. निघायचं होतं पहाटे. पण आधी ओटी झाली, मग फोटो झाले, मग फोटोत न आलेल्यांचे फोटो झाले. आज निघणं मात्र भागच होतं. उद्यापासून आठवा लागत होता, आणि आठव्यात पोरीला प्रवासाला काढायचं नाही यावर दोन्ही घरांचं एकमत होतं. दोन्ही घरांचं एकमत झालेली ही आजवरची एकमेव गोष्ट.

कुंदन विमा कंपनीत दावे तपासायचा. लोकांच्या अपघातांवर संशय घेणं हे त्याचं पोटापाण्याचं काम होतं, त्यामुळे गाडी घेतल्यावर तिचं माहितीपुस्तक त्यानं शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं. घरात यावरून त्याची यथेच्छ चेष्टा झाली होती.

पुस्तकात लिहिलं होतं ते असं. उष्णता स्वतःहून नेहमी गरमाकडून थंडाकडे जाते. तिला उलट न्यायचं तर काम करावं लागतं. एसी म्हणजे हे काम करणारा हमाल. तो आतली उष्णता उचलतो, बाहेर नेऊन टाकतो, आणि उचलताना त्याला स्वतःला जो घाम फुटतो तोही बाहेरच टाकतो. म्हणजे आत जेवढं गार होतं त्यापेक्षा बाहेर जास्त गरम होतं. बाहेर पस्तीस अंश असतील तर हे खपून जातं. बाहेर पन्नास असतील आणि रस्त्यावर गाड्यांची रांग असेल, तर पुढच्या गाडीनं टाकलेली उष्णता मागची गिळते, मागची त्यात आपली भर घालून तिच्या मागचीला देते, आणि शेवटच्या गाडीत माणसं शिजतात. दोन उन्हाळे हे असं झाल्यावर सरकारनं दुपारबंदी आणली. अकरा ते पाच महामार्गावर कुठल्याही गाडीचा कॉम्प्रेसर चालू होत नाही. कुलूप वरूनच पडतं.

त्यावर निघालेला उपाय म्हणजे गारठापेटी. सीटखाली मीठ आणि मेणाच्या मिश्रणाचा एक मोठा ठोकळा. पहाटे घरच्या विजेवर तो गोठवून ठेवायचा. दिवसभर तो वितळत राहतो आणि वितळताना आजूबाजूची उष्णता पीत राहतो. बर्फासारखंच, फक्त ओलं होत नाही. पेटी पूर्ण वितळली की संपलं. मग ती गाडी नसते, काचेचा कुकर असतो.

म्हणून गारवा जपून वापरायचा. गाडी तापलेली असेल तर आधी काचा खाली करून गरम हवा घालवायची, मग काचा बंद करून आतलीच हवा फिरवायची. तापमान सव्वीसवर ठेवायचं, सोळावर नाही. आणि दार उघडायचं नाही. दार उघडण्यावर पुस्तकात सबंध प्रकरण होतं. पण ते लिहिणाऱ्याला दारात उभं राहून निरोप घेणारी माणसं ठाऊक नव्हती.

काकूंची भाची अखेर सुखरूप बाळंत झाली तेव्हा पेटी एकाहत्तरवर आली होती.

"निघायचं का जवाईबापू?" पुढच्या सीटवरून महादेवराव काळमेघांनी विचारलं.

महादेवराव म्हणजे प्रणोतीचे वडील, यवतमाळचे निवृत्त पीटी मास्तर. लेकीला माहेरी न्यायला मुराळी म्हणून स्वतः आले होते. धोतर, पांढरी टोपी, मांडीवर पाण्याचा स्वतःचा थर्मास. पहाटेच्या बसनं उतरले, अंगणात बसून स्वतःची दशमी खाल्ली, स्वतःचं पाणी प्यायले. काळमेघांच्या घरात लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचा घोट घेत नसत. बाकीच्यांनी ही रीत केव्हाच सोडली होती. महादेवरावांनी सगळ्यांच्या वाटणीची धरून ठेवली होती.

वणी मागे पडेपर्यंत सगळं ठीक होतं. प्रत्येक सीटला हवेचा स्वतंत्र झोत होता. सीटमधला संवेदक कपड्यांवरूनच नाडी आणि अंगाचं तापमान वाचायचा आणि ज्याला जेवढी गरज तेवढाच गारवा सोडायचा. पडद्यावर प्रत्येकाचा छोटा चेहरा दिसायचा: बरं असेल तर हिरवा, मग पिवळा, मग लाल.

"मला सोळावर कर रे," मागून आई म्हणाली.

"आई, सव्वीस पुरतात."

"शेजारच्यांच्या गाडीत सोळा असतात."

"शेजारच्यांना रस्त्यात दोनदा टेम्पोत बसून घरी यावं लागलंय."

"पण आलेत ना घरी?" आई म्हणाली.

महादेवराव हसले. मग म्हणाले, "यंत्र मोठं हुशार आहे बापा. पेटीतला गारवा तुमच्या घरच्या विजेवर होते?"

"हो मामाजी. रात्री भाव कमी असतो."

"मीटर कोणाच्या नावानं?"

"माझ्या."

"असं," महादेवराव म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. कुंदनला वाटलं, म्हातारा विजेच्या दराचा विचार करतोय.

मारेगावच्या अलीकडे गाड्या थांबल्या. पुढे डांबर इतकं मऊ झालं होतं की कोळशाच्या एका ट्रकचं मागचं चाक त्यात रुतलं होतं, आणि ट्रक सबंध रस्त्यावर आडवा झाला होता. क्रेन निघाली होती. कुठून निघाली होती हे कोणी सांगत नव्हतं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सावली देईल असं काही नव्हतं. बाहेर एक्कावन्न अंश. पेटी बत्तीसवर आल्यावर गाडीनं सबंध केबिन गार ठेवणं सोडून दिलं. "अंगापुरता गारवा सुरू करीत आहोत," ती म्हणाली. आता गारवा फक्त झोतात होता. झोताबाहेर हात काढला की तव्यावर धरल्यासारखा वाटे.

कुंदननं पडद्याकडे पाहिलं. प्रणोती हिरवी. आई पिवळी, पण ती रागावली की पिवळीच असते. तो स्वतः हिरवा. लाल कोणी नाही. दाव्यांची फाइल मिटावी तसा तो मागे रेलला.

"आई, पाणी पी. प्रणोती, तू पण."

"बाबा, तुमचं पाणी आहे ना?" प्रणोतीनं विचारलं.

"हाय हाय," महादेवराव म्हणाले. थर्मास त्यांच्या मांडीवर आडवा पडला होता आणि झाकण उघडं होतं. त्यातून काही सांडत नव्हतं.

कुंदन पुढे सरकला. त्यानं पडद्याकडे पुन्हा पाहिलं. या वेळी नीट. तीन चेहरे होते. गाडीत माणसं चार होती. पुढच्या डाव्या सीटच्या जागी चेहरा नव्हता, पिशवीचं चित्र होतं.

सीटच्या बाजूला तीन पर्यायांचं एक बटण होतं: प्रवासी, लहान मूल, सामान. सामानाला गारवा मिळत नाही. सामानाची नाडी बघत नाहीत.

"मामाजी, हे बटण तुम्ही दाबलं?"

"होय."

"कधी?"

"वणीच्या आधी."

"अहो, काहून पण?"

"गारवा तं पाण्यासारखाच झाला ना जवाईबापू," महादेवराव समजावून सांगितल्यासारखं म्हणाले. "मीटर तुमच्या नावानं. लेकीच्या घरचा गारवा मी कसा घेऊ? आम्हाले सामानच समजा."

समोरच्या काचेतून ऊन थेट त्यांच्या छातीवर पडत होतं. कुंदननं त्यांच्या मनगटाला हात लावला. मनगट तापलेलं होतं आणि कोरडं होतं. घाम नव्हता. दाव्यांच्या कामात त्यानं उष्माघाताच्या कितीतरी फाइली वाचल्या होत्या आणि त्या सगळ्यांत हा शब्द असायचा: कोरडं. त्याच्या पुढच्या ओळीत बहुधा असायचं, की रुग्ण असंबद्ध बोलू लागला.

"सावधान!" महादेवराव ओरडले.

मागे आई दचकली. महादेवराव समोरच्या ट्रककडे बघत होते. "तिसरी रांग! वाकडी काहून उभी आहे? विश्राम! सावधान!"

"बाबा!" प्रणोती पुढे झुकली. "बाबा, काय करताय?"

कुंदननं ते बटण 'प्रवासी'वर आणलं. पिशवीच्या जागी चेहरा आला. तो हिरवा किंवा पिवळा होण्याच्या भानगडीत न पडता थेट लाल झाला.

"दोन क्रमांकाच्या आसनावरील प्रवाशास तातडीच्या मदतीची गरज आहे," गाडी म्हणाली. "मदतीसाठी दारे खुली करीत आहोत."

खट्‌ करून चारही कुलपं उघडली. सामान होते तोवर महादेवरावांना दार उघडता येत नव्हतं. आता त्यांना माणसाचे सगळे हक्क मिळाले होते.

झोत त्यांच्या अंगावर आला. त्यांनी तळहातानं जाळी झाकली आणि दुसरा हात दाराच्या कडीवर ठेवला. "मी पायी येतो. यवतमाळ काही दूर नाही."

"मामाजी, दार उघडू नका!" कुंदननं त्यांचं मनगट धरलं. पीटी मास्तरांनी चाळीस वर्षं जोर काढले होते. मनगट जागचं हललं नाही.

बाहेर एक्कावन्न अंशांत ते फार तर पुढच्या ट्रकपर्यंत पोचले असते. प्रणोतीनं मोबाईलवर रुग्णवाहिकेचा नंबर लावला. पलीकडची बाई म्हणाली, रस्ता तुंबलाय, वेळ लागेल, तोवर अंग ओलं करा, गार ठेवा, शुद्धीत असतील तर पाणी पाजा. कुंदननं टॉवेल भिजवून त्यांच्या मानेवर ठेवला. त्यांनी तो उचलून पुढे ठेवून दिला, नीट घडी घालून.

"बाबा, माझ्यासाठी एक घोट घ्या," प्रणोती रडत म्हणाली. तिनं स्टीलचा पेला भरून पुढे केला होता.

"तुझ्याचसाठी तं घेत नाही पोरी," महादेवराव म्हणाले. त्यांची जीभ जड झाली होती, पण या एका बाबतीत डोकं स्वच्छ चालत होतं.

"मामाजी, गाडी तुमच्या नावावर करतो. आत्ता. मग गारवा तुमचा." कुंदननं खरोखरच मोबाईल काढला. परिवहन खात्याच्या पानानं त्याला पत्त्याचा पुरावा मागितला, मग गाडीचा चारही बाजूंनी काढलेला फोटो मागितला, मग 'आपण यंत्र नाही हे सिद्ध करा' म्हणून ट्रॅफिक सिग्नल ओळखायला लावले. त्यानं तीन सिग्नल ओळखले. चौथा सापडेना.

कडी अर्धी वळली. दाराच्या फटीतून भट्टीसारखी हवा आत आली. पेटी एकोणीसवरून सतरावर गेली.

"महादेवराव!"

हे आई म्हणाली होती. आजवर तिनं व्याह्यांचं नाव त्यांच्यासमोर कधी घेतलं नव्हतं. ती सीटवर सरळ होऊन बसली होती, आणि तिचा आवाज कुंदननं जन्मात ऐकला नव्हता असा होता.

"आम्ही मुलाकडचे आहोत," ती म्हणाली.

महादेवरावांचा हात थबकला.

"लग्नात आम्ही तुमच्याकडे काही मागितलं?"

"नाही, विहीणबाई."

"एक रुमाल तरी?"

"नाही."

"मग आमचा मान द्यायचा राहिला की नाही?"

महादेवरावांची मान खाली गेली. "राहिला."

"तो आत्ता पाहिजे." तिनं प्रणोतीच्या हातातला पेला घेतला आणि दोन सीटांच्या मधून पुढे केला. "हा पेला माझ्यासमोर रिकामा करायचा. दार लावायचं. गारवा अंगावर घ्यायचा. थेंब उरला तर तुमची मुलगी माहेरी सोडते आणि परत नेत नाही. बाळ झालं तरी नेणार नाही."



आई कुंदनच्या लग्नानंतर चार वर्षं गावभर सांगत होती, की आम्ही मुलीकडून सुतळीचा तोडा घेतला नाही. हा तिचा एकमेव दागिना होता. तो तिनं आत्ता काढून महादेवरावांच्या पुढ्यात टाकला होता.

महादेवरावांनी कडी सोडली. दार लागलं. दोन्ही हात पुढे करून त्यांनी पेला घेतला, प्रसाद घेतात तसा, आणि घोटाघोटानं रिकामा केला. मग उलटा करून विहीणबाईंना दाखवला. एक थेंब काठावर लोंबत होता. तो त्यांनी चाटून घेतला.

"आणखी," आई म्हणाली.

"हुकूम आहे?"

"आहे."

दुसरा पेला. तिसरा. कुंदननं जाळीवरचा त्यांचा तळहात बाजूला केला, तो आता विरोध करत नव्हता. ओला टॉवेल परत मानेवर ठेवला. स्वतःचा झोत बंद केला. घामानं त्याचे डोळे चरचरू लागले आणि समोरचा लाल चेहरा त्याला धूसर दिसू लागला. उष्णतेप्रमाणे देणं-घेणंही त्याच्या लोकांत एकाच दिशेनं वाहतं, मुलीकडून मुलाकडे. आज आईनं ते उलटं नेलं होतं. पण पुस्तकात लिहिलं होतं ते त्याला विसरता येत नव्हतं. काम केलं, की कुठेतरी जास्तीची उष्णता टाकावीच लागते. ती कुठे पडली हे बघायला त्यानं आरशात पाहिलं. प्रणोती आईकडे पाठ करून खिडकीला टेकली होती. तिचं डोकं तापलेल्या काचेला लागलं होतं आणि ती ते काढून घेत नव्हती.

पेटी सातवर असताना क्रेन आली. ट्रक बाजूला झाला. कुंदननं यवतमाळचा नाद सोडला आणि गाडी तालुक्याच्या सरकारी दवाखान्याकडे घातली. तिथल्या आवारात पेटी संपली.

तिथे उष्माघाताचा वेगळा वॉर्ड होता आणि तो भरलेला होता. महादेवरावांना बर्फाच्या पिशव्यांत झोपवून सलाईन लावली.

"ही कोणाच्या पैशाची?" डोळे न उघडता त्यांनी विचारलं.

"सरकारच्या," नर्स म्हणाली.

"मग चालते."

ताप उतरायला संध्याकाळ झाली. डॉक्टर म्हणाले, पाणी वेळेवर पोटात गेलं म्हणून मूत्रपिंडं वाचली, म्हातारा वाचला. कुंदन व्हरांड्यातून परत आला तेव्हा पलंगाच्या एका बाजूला आई बसली होती, दुसऱ्या बाजूला प्रणोती. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. दुपारपासून बोललेल्या नव्हत्या.

महादेवरावांनी डोळे उघडले. या वेळी नजर ठिकाणावर होती. त्यांनी लेकीकडे पाहिलं, मग विहिणीकडे.

"विहीणबाई, तो हुकूम अजून चालू आहे काय?"

आईनं पदर सावरला. "खोटं होतं ते, व्याहीबुवा. पोरीला मी कशी टाकेन? तुम्ही प्यावं म्हणून बोलले."

"मले का माईत?" महादेवराव म्हणाले. "आवाज तं खराच होता."

प्रणोतीनं दुपारपासून पहिल्यांदा आईकडे पाहिलं. आईची नजर पलंगाच्या लोखंडी दांडीवर होती.

"खरा होता," शेवटी आई म्हणाली. "मला पण माहीत नव्हतं, असा आवाज आपल्याकडे आहे म्हणून. आज काढला आणि चालला. त्याचीच भीती वाटते मला." ती प्रणोतीकडे वळली. "पुन्हा निघाला, तर तिथल्या तिथं माझं तोंड धर. सून म्हणून नाही, शेजारी बसलेलं माणूस म्हणून धर."

"धरीन," प्रणोती म्हणाली. 'तसं काही नाही हो आई' असं ती म्हणाली नाही. आईनंही त्याची वाट पाहिली नाही.

मग आईनं पिशवीतून बाटली काढली, पेल्यात पाणी ओतलं आणि पेला महादेवरावांच्या उशाशी स्टुलावर ठेवला. हात मागे घेतला.

"हुकूम संपला. हे आमच्या घरचं पाणी आहे. तहान असेल तर घ्या, नाहीतर राहू द्या. कोणी काही म्हणणार नाही."

महादेवराव पेल्याकडे बघत राहिले. सलाईन थेंबाथेंबानं पडत होती. कुंदनला वाटलं, दुपारी दाराच्या कडीवर हात होता तेव्हासुद्धा इतका वेळ लागला नव्हता. महादेवरावांनी मान फिरवली असती तर त्यांना दोष देता आला नसता. उभ्या आयुष्याची सवय होती.

महादेवरावांनी सुई नसलेला हात उचलला. तो वाटेत एकदा थांबला, लेकीच्या पोटाकडे बघून. मग पेल्यापर्यंत गेला. त्यांनी डोकं थोडं वर केलं, एक घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला.

"कोमट आहे," ते म्हणाले.

मुलाकडच्या पाण्याला नाव ठेवण्याची काळमेघांच्या घराण्यातली ही पहिलीच वेळ होती. आई ताडकन उठली आणि गार पाणी शोधायला निघाली.